बोडीशेजारी गोट्यांची खाण: पाणथळ आणि वन्यजीवांवरील परिणाम कसा तपासावा

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गोंदिया जिल्ह्यात बाघ नदीकाठच्या आपल्या गावात 4.9 हेक्टर मालकी जमिनीवर गोटे आणि भरड रेती काढण्याची खाण प्रस्तावित आहे. तिची खोली 6 मीटर आणि मुदत 5 वर्षे आहे. खाणीच्या हद्दीपासून सुमारे 250 मीटरवर गावाची बोडी (लहान तळे) आहे, बोडीच्या पलीकडे मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आहे, आणि मधल्या धानाच्या बांध्यांत दरवर्षी सारसाची एक जोडी असते. अर्जदाराच्या सल्लागाराने जानेवारीत तीन दिवस पाहणी केली आणि अहवालात लिहिले की प्रकल्पक्षेत्रात अधिसूचित पाणथळ जागा नाही व दुर्मीळ वन्यजीव आढळले नाहीत. हा निष्कर्ष मान्य करावा का, आणि करू नये तर योग्य मूल्यांकनात काय काय असायला हवे, असे आपण विचारले आहे.

अहवालातली दोन्ही विधाने शब्दशः खरी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तरीही त्यांच्यावरून खाणीचा परिणाम काहीच कळत नाही. पहिले विधान कायद्यातल्या व्याख्येविषयी आहे आणि दुसरे जानेवारी महिन्याविषयी आहे. खाणीचा परिणाम ठरतो तो बोडीत पाणी कुठून येते आणि किती दिवस टिकते यावरून. गेली पंचवीस वर्षे मी अशा पाहण्या करतो आहे, आणि माझा अनुभव असा की पाण्याचा हिशेब नीट मांडला तर पक्ष्यांचे निम्मे उत्तर त्यातच मिळते. तो मांडला नाही, तर पक्ष्यांची यादी कितीही लांब असली तरी तिचा निर्णयाला उपयोग होत नाही.

आधी व्याख्येचा गुंता सोडवतो, कारण बैठकीत सर्वांत आधी तोच पुढे केला जातो. 2017 च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनी पाणथळाच्या व्याख्येतून नदीचे पात्र वगळले आहे, भातखाचरे वगळली आहेत, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलावही वगळले आहेत. आता आपल्या गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सारस उन्हाळ्यात नदीच्या पात्रात उतरतो, पावसाळ्यात बांधीत घरटे करतो आणि हिवाळ्यात मामा तलावाच्या काठी चरतो. त्याच्या वर्षभराच्या तिन्ही जागा या व्याख्येबाहेर पडतात. त्यात भर म्हणजे इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात 2.25 हेक्टरांहून लहान जागा केवळ ठिपक्यांनी दाखवल्या आहेत, त्यामुळे एक-दीड एकराची बोडी तिथे हद्दीसह सापडणार नाही. अहवाल लिहिणाऱ्याने हा संग्रह उघडला, काही दिसले नाही, आणि तसे लिहून टाकले. त्याने खोटे लिहिले असे मी म्हणणार नाही. परंतु पाणथळ नियम लागू होत नाहीत म्हणून पाणथळावरचा परिणाम तपासायचा नाही, असे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेत कुठेही म्हटलेले नाही. त्या अधिसूचनेखालच्या अर्जात आसपासचे जलस्रोत आणि संवेदनशील प्रजातींची प्रजननाची, चरण्याची व विश्रांतीची स्थळे यांची माहिती स्वतंत्रपणे मागितलेली असते, आणि ती देणे अर्जदारावर बंधनकारक आहे. शिवाय 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सारसाचा समावेश आहे, आणि हे संरक्षण तो कुठल्या व्याख्येतल्या जमिनीवर उभा आहे यावर अवलंबून नाही.

नोंदींच्या बाबतीत विदर्भातल्या गावांकडे एक साधन आहे जे उर्वरित महाराष्ट्राकडे बहुधा नसते. ते म्हणजे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. 1950 च्या कायद्याने मालगुजारी (गावाच्या जमीनदारीची जुनी पद्धत) संपल्यानंतर गावाचे हक्क ज्या कागदांत उतरले, त्यांत तलाव व बोड्या कुणाच्या वापरासाठी आहेत, पाणी कोणत्या बाजूने येते आणि कुणाच्या शेतातून जाते, हे पुष्कळदा लिहिलेले सापडते. तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून या कागदांची नक्कल काढा आणि गाव नकाशावर त्यातला येव्याचा (पाणी येण्याचा) मार्ग रंगवून घ्या. खाणीचा गट त्या मार्गावर आडवा येत असेल, तर पुढची निम्मी चर्चा तिथेच संपू शकते.

आता पाण्याकडे वळतो. नदीकाठच्या गोटे-रेतीच्या थरात 6 मीटर खोल खड्डा खणला की तो भूजलाच्या पातळीखाली जातो. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात विहिरींचे पाणी जमिनीखाली 2 मीटरवर असेल असे धरू. म्हणजे कोरड्यात काम करण्यासाठी पंप लावून पाणी 4 मीटरने उतरवावे लागेल. हा उतार खड्ड्यापुरता राहत नाही, आजूबाजूला पसरतो. तो किती दूर जाईल याचा ढोबळ अंदाज बांधण्यासाठी अभियंते सिखार्टचे जुने अनुभवसिद्ध सूत्र वापरतात: पातळी जितके मीटर उतरवायची त्याला 3000 ने गुणायचे आणि मग थराच्या पारगम्यतेच्या (थरातून पाणी किती सहज वाहते त्याचे माप, मीटर प्रति सेकंदात) वर्गमुळाने गुणायचे. थर स्वच्छ गोटे-रेतीचा असेल, म्हणजे पारगम्यता सेकंदाला 1 मिलिमीटर असेल, तर उत्तर येते सुमारे 380 मीटर. त्यात गाळ मिसळलेला असेल आणि पारगम्यता सेकंदाला 0.1 मिलिमीटर असेल, तर उत्तर येते 120 मीटर. आपली बोडी आहे 250 मीटरवर. म्हणजे एका गृहीतात ती सुरक्षित आणि दुसऱ्यात ती परिणामक्षेत्राच्या आत. हे सूत्र मी अंतिम उत्तर म्हणून देत नाही, कारण ते ढोबळच आहे. पण त्या जागेवर उपसा-चाचणी (पंपाने पाणी उपसून पातळी कशी उतरते ते पाहणे) घेऊन पारगम्यता मोजल्याशिवाय "बोडीवर परिणाम होणार नाही" असे वाक्य कुणी लिहूच शकत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते. आपण पाठवलेल्या अहवालात पारगम्यतेचा आकडा मला कुठेही दिसला नाही.

याच्या विरुद्ध बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. सगळ्याच बोड्या भूजलाशी जोडलेल्या नसतात. अनेक जुन्या बोड्यांच्या तळाशी काळ्या चिकणमातीचा थर बसलेला असतो, आणि अशी बोडी भूजलाच्या वर एखाद्या ताटलीसारखी पाणी धरून राहते. तशी असेल तर शेजारच्या खड्ड्यातल्या पंपाने तिचे फारसे बिघडणार नाही. तिला धोका असेल तो पृष्ठभागावरून येणारा येवा अडण्याचा. कोणती बोडी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे अवघड नाही. बोडीत सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी रोवायची, जवळच्या दोन-तीन विहिरींच्या काठावर एक कायमची खूण करायची, आणि डम्पी लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी सर्वेक्षणाची दुर्बीण) लावून या सगळ्या खुणा एकाच संदर्भपातळीला जोडून घ्यायच्या. मग दर आठवड्याला वाचन घ्यायचे. विहिरीची पातळी बोडीच्या तळाच्या खाली गेली तरी बोडीत पाणी टिकून असेल, तर ती ताटलीची बोडी. दोन्ही पातळ्या बरोबरीने चढत-उतरत असतील, तर ती भूजलाची बोडी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा करते. परिसरातल्या विहिरीची अशी जुनी मालिका मिळाली तर ती पार्श्वभूमी म्हणून फार मोलाची ठरते, परंतु बोडीचा स्वभाव कळण्यासाठी आठवड्याचे वाचनच हवे.

पातळीतला थोडासा फरक किती महागात पडतो, याचा हिशेब करून पाहा. हिवाळ्यात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन आपल्याकडे दिवसाला साधारण 3 ते 4 मिलिमीटर धरता येते. भूजल उतरल्यामुळे दिवाळीला बोडीत 30 सेंटिमीटर पाणी कमी राहिले, तर ते अडीच ते तीन महिन्यांच्या बाष्पीभवनाइतके झाले. होळीपर्यंत पुरणारी बोडी संक्रांतीच्या आधीच चिखल होऊन बसते. हा फरक कुठल्याही उपग्रहचित्रात "पाणथळ नष्ट झाले" असा दिसणार नाही, कारण पुढच्या पावसाळ्यात बोडी पुन्हा भरलेली असेल. पण पाण्याचा मुक्काम तीन महिन्यांनी आखडला तर त्या बोडीवर जगणाऱ्यांची यादी बदलते. म्हणून गावातल्या वडीलधाऱ्या माणसांना आणि विशेषतः मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना "पाणी किती असते" असे विचारू नका, कारण त्याला प्रत्येक जण वेगळे उत्तर देतो. पोळ्याला सांडवा वाहतो का, दिवाळीला कंबरभर असते की गुडघाभर, होळीला जाळे टाकता येते का, अक्षय तृतीयेला गुरे पाणी पितात का, असे विचारा. चार-पाच जणांकडून ही उत्तरे स्वतंत्रपणे घेतली की ती चकित व्हावे इतकी जुळतात, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांतली दुष्काळी वर्षेही त्यात आपोआप निघतात.

ऋतूचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खाणींच्या मूल्यांकनात पावसाळा वगळून एका ऋतूची आधाररेखा (प्रकल्पापूर्वीच्या स्थितीची नोंद) घेण्याचा शिरस्ता आहे. हवेतली धूळ मोजण्यासाठी ही पद्धत समजण्यासारखी आहे, कारण पावसात धूळ बसलेली असते. पण धानपट्ट्यातल्या पाणथळाचे सगळे प्रजनन नेमके पावसाळ्यात होते, आणि त्यामुळे पावसाळा वगळून केलेली जैवविविधतेची आधाररेखा म्हणजे शाळा सुट्टीवर असताना केलेली पटनोंदणी. सारस जुलै ते सप्टेंबरात घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो, ती उबवायला महिनाभर लागतो, आणि पिलू उडू लागेपर्यंत आणखी सुमारे तीन महिने जातात. म्हणजे ऑगस्टच्या अंड्यातले पिलू डिसेंबरात कुठे पंख पसरते. तोवर ते चालत फिरते, आणि चालत फिरण्यासाठी त्याला बांधी, बोडी आणि तलाव यांच्यामध्ये विनाअडथळा जमीन हवी असते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. कामाला लागल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी याच पट्ट्यातल्या एका दगडखाणीसाठी मी फेब्रुवारीत पाहणी केली, धान कापलेल्या कोरड्या बांध्या पाहिल्या, आणि "सारसाचा वावर, प्रजनन नाही" असे लिहून मोकळा झालो. ऑगस्टमध्ये दुसऱ्याच कामासाठी त्या गावात गेलो असता एका शेतकऱ्याने मला हाताला धरून धुऱ्यावरून नेले. खाणीच्या खुंटीपासून दीडशे पावलांवर, पोटरीभर पाण्यात, देवधानाच्या (रानटी भाताच्या) आणि धानाच्या काड्यांचा टोपलीएवढ्या उंचीचा ढीग होता आणि त्यावर दोन फिकट अंडी. घरट्याभोवतीची चार-पाच वाफ्यांएवढी जागा त्याने रोवणी न करता सोडली होती. "हे दरवर्षीचंच आहे साहेब, तुम्ही विचारलं नाही," एवढेच तो म्हणाला. माझा अहवाल तोवर दाखल होऊन सहा महिने झाले होते. मी दुरुस्तीपत्र दिले, पण एकदा दाखल झालेल्या अहवालातले वाक्य पुढे कितीतरी कागदांत जसेच्या तसे उतरत राहते, हे तेव्हा कळले.

म्हणून आपल्या प्रकरणात किमान एक पूर्ण जलचक्र, म्हणजे जून ते पुढचा मे, अशी पाहणी मागावी. सारसासाठी मे-जूनमध्ये, पाणी थोड्याच जागी उरलेले असताना, पहाटे आणि संध्याकाळी विश्रांतीच्या जागांवर एकाच वेळी मोजणी करावी. रोवणीनंतर सप्टेंबरअखेरपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा लांबूनच दुर्बिणीने घरट्यांचा शोध घ्यावा. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पिलांसह जोडी कुठून कुठे चालत जाते याची नोंद नकाशावर करावी. यातली तिसरी पायरी जवळजवळ नेहमी गाळली जाते आणि नेमकी तीच खाणीच्या रस्त्याची जागा ठरवते. बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. अभ्यासक्षेत्राचे 10 किलोमीटरचे वर्तुळ कागदावर काढले तरी पाहणी राज्याच्या सीमेशी थांबते असे मी अनेकदा पाहिले आहे, आणि नदीच्या पलीकडे रात्र काढणारा सारस अलीकडच्या मोजणीत येतच नाही. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळपास याच कोपऱ्यापुरता उरला असल्याने, एका जोडीचा प्रश्न इथे किरकोळ ठरत नाही.

तीन दिवसांच्या पाहणीबद्दल आकड्यात बोलू. समजा एखादी प्रजाती त्या जागी आहेच, पण एका फेरीत ती दिसण्याची शक्यता 30 टक्के आहे. लाजऱ्या किंवा निशाचर प्राण्यांसाठी हा अंदाज उदारच म्हणायचा. तीन फेऱ्यांत ती एकदाही न दिसण्याची शक्यता 0.7 गुणिले 0.7 गुणिले 0.7, म्हणजे 34 टक्के. तिसरा हिस्सा. ही शक्यता 5 टक्क्यांखाली आणायची तर नऊ फेऱ्या लागतात. म्हणून "आढळले नाही" या शब्दांपुढे किती फेऱ्या, कोणत्या वेळी, किती तास आणि किती माणसे, हे लिहिलेले नसेल तर ते वाक्य वाचलेच नाही असे समजावे. आपल्याकडच्या अहवालात 27 पक्ष्यांची यादी आहे; पावसाळ्यानंतर अशाच बोडीच्या पाळीवर एका सकाळी बसलो तर याहून अधिक प्रजाती दिसतात, त्यामुळे ती यादी अपुरी आहे हे कुठल्याही पक्षिनिरीक्षकाला लगेच कळेल.

इतर प्राण्यांविषयी थोडक्यात. बेडकांसाठी पहिल्या दोन-तीन दमदार पावसांनंतरच्या रात्री जाऊन आवाज ऐकावेत. ते दिवस चुकले तर वर्ष गेले. पाणमांजरासाठी नदीच्या आणि तलावाच्या काठावर विष्ठेच्या ठरलेल्या जागा शोधाव्यात. त्यात माशांचे खवले आणि काटे असतात, आणि तिथे स्वयंचलित कॅमेरा महिनाभर लावावा. मासे पहिल्या पुरात नदीतून नाल्यावाटे बांध्यांत आणि बोडीत चढतात, त्यामुळे खाणीच्या रस्त्यासाठी नाल्यावर टाकायचा पाइप जमिनीपासून उंच बसवला तर एका पाइपाने तो मार्ग बंद होतो. हे ढिवर बांधवांइतके कुणालाच ठाऊक नसते, आणि त्यांची साक्ष नाव, दिनांक व जागेसह लेखी घेतली तर प्रस्ताव तपासणाऱ्या समितीपुढे ती टिकते.

नदीच्या पात्राचा या खाणीशी थेट संबंध नाही असे अर्जदार म्हणेल, कारण जमीन मालकीची आहे. परंतु काठापासून खड्ड्याचे अंतर किती आहे हे पाहा. खड्डा नदीच्या तळाहून खोल आणि काठाला लागून असेल, तर एखाद्या मोठ्या पुरात मधला बांध फुटून नदी खड्ड्यात शिरते, आणि तसे झाले की वरच्या अंगाचे पात्र खरवडत खाली उतरते. वरच्या भागात धरणे असलेल्या नदीत वाहून गेलेले गोटे सहजासहजी परत येत नाहीत, कारण ते धरणात अडकलेले असतात. उघड्या गोट्यांच्या आणि रेतीच्या बेटांवर फेब्रुवारी ते मे या काळात नदी सुरय, नदी टिटवी आणि करवानक जमिनीवरच अंडी घालतात. ती गोट्यांसारखीच दिसत असल्याने टिप्परच्या चाकाखाली गेली तरी चालकाला कळत नाही. पात्रातल्या उत्खननासाठी 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पावसाळ्यात बंदी, खोलीला 3 मीटरची मर्यादा आणि काठापासून पात्राच्या रुंदीच्या एक चतुर्थांश, पण किमान 7.5 मीटर अंतर, असे निकष आहेत. गंमत अशी की पावसाळ्यातल्या बंदीने सारसाचा हंगाम वाचतो, पण बेटांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम नेमका उत्खननाच्या ऐन दिवसांत येतो.

वाहतुकीचा हिशेब अहवालात आकड्यात मागा. 4.9 हेक्टर गुणिले 6 मीटर म्हणजे 2,94,000 घनमीटर, अर्थात सुमारे 1,04,000 ब्रास. चार ब्रासच्या टिप्परने न्यायचे तर जवळपास 26,000 फेऱ्या. वर्षाला 200 कामाचे दिवस धरून पाच वर्षांत हे काम संपवायचे असेल तर दिवसाला 26 भरलेल्या आणि तितक्याच रिकाम्या फेऱ्या होतात, आणि गोटे-रेती चाळण्याच्या यंत्रासाठी वीजवाहिनी लागते ती वेगळीच. माझे मत विचाराल तर या प्रस्तावात सारसाला सर्वांत मोठा थेट धोका पोकलेनपेक्षा त्या तारांचा आहे. एवढा मोठा, जड पक्षी धुक्यात बांधीवरून कमी उंचीने उडतो तेव्हा त्याला तारा वेळेत दिसत नाहीत, आणि तारांना धडकून किंवा विजेच्या धक्क्याने सारस मरणे ही या पट्ट्यात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. वाहिनी भूमिगत करण्याची किंवा रस्त्याच्या कडेने वळवण्याची अट परवानगीच्या आधी मागावी लागते. नंतर ती खर्चाची बाब म्हणून बाजूला पडते.

खाण संपल्यावर खड्ड्यात पाणी साचेल आणि नवे पाणथळ तयार होईल, हा युक्तिवाद आपल्यालाही ऐकवला जाईल. तो हसण्यावारी नेऊ नका, कारण त्यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीकाठच्या ॲटनबरो येथे 1929 पासून गोटे-रेती काढून तयार झालेल्या खड्ड्यांचे 1966 मध्ये निसर्गराखीव क्षेत्र झाले आणि आज तिथे पाणपक्ष्यांची रेलचेल असते. परंतु खोल, उभ्या काठाच्या पाण्याचा लाभ मुख्यतः बुड्या मारून खाणाऱ्या बदकांना आणि माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांना होतो. सारस पाण्यात उभा राहून चरतो. त्याला घोटा ते गुडघा एवढे पाणी, मऊ तळ आणि देवधानासारखी उगवण हवी. 6 मीटर खोल खड्ड्याच्या काठावर अशी जागा जवळपास शून्य असते. म्हणून भरपाई म्हणून तलाव दाखवला असेल तर काठाचा उतार एकास दहा किंवा त्याहून सौम्य असावा, उथळ भागाचे क्षेत्रफळ हेक्टरमध्ये लिहिलेले असावे, वरची सुपीक माती वेगळी राखून तीच तळाशी परत पसरावी, बेशरमची झुडपे उपटण्याची जबाबदारी पाच वर्षांसाठी कुणाची हे नमूद असावे आणि या सगळ्यासाठीची रक्कम आधीच बँक हमी म्हणून ठेवलेली असावी, अशी मागणी करा. एवढा सपाट काठ द्यायचा म्हटला की 4.9 हेक्टरमधून निघणारा माल किती कमी होतो, हे अर्जदाराला हिशेब केल्यावर कळते, आणि मग खाणीची खोली किंवा जागा बदलण्याची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होते.

4.9 या आकड्याबद्दलही बोलले पाहिजे. गौण खनिजांच्या परवानगीत 5 हेक्टर ही एक पायरी आहे, आणि खाणपट्टा तिच्या थोडा खाली ठेवण्याची प्रथा जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार प्रकरणात 5 हेक्टरांखालच्या पट्ट्यांनाही पर्यावरणीय परवानगी आवश्यक ठरवली. त्यानंतर 2016 च्या दुरुस्तीत, एकाच प्रकारच्या खनिजक्षेत्रातले 500 मीटरच्या आतले पट्टे एकत्र धरून क्षेत्र मोजण्याची तरतूद आली. म्हणून जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडून आसपासच्या मंजूर आणि प्रलंबित पट्ट्यांची यादी माहितीच्या अधिकारात मागा आणि अंतर हद्दीपासून हद्दीपर्यंत मोजा. अनेक आराखड्यांत ते मध्यबिंदूपासून मध्यबिंदूपर्यंत मोजलेले असते आणि त्यामुळे 500 च्या पुढे जाते. नागझिरा आणि नवेगाव यांच्या अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपासून 1 किलोमीटरच्या आत खाणीला मुळातच परवानगी देता येत नाही, आणि त्याहून दूर असली तरी जागा वाघांच्या संचारमार्गात येते का, हे वनविभागाकडून लेखी घ्यावे. भूजलाच्या पातळीखाली खणणार असल्यास केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते अर्जाला जोडलेले नसेल तर एकतर खाण 2 मीटरवर थांबणार आहे किंवा अर्ज अपुरा आहे, आणि यांपैकी काय खरे आहे हे समितीने अर्जदाराला विचारावे अशी विनंती करा.

आक्षेपपत्र लिहिताना खाण नको एवढेच लिहिले तर ते भावना म्हणून नोंदवले जाते. त्याऐवजी चार उणिवा मांडा: पारगम्यता मोजलेली नाही, बोडी आणि विहिरी एका संदर्भपातळीला जोडलेल्या नाहीत, पावसाळ्यातली पाहणी नाही, आणि रस्ता व वीजवाहिनी नकाशावर दाखवलेल्या नाहीत. या चार गोष्टी पूर्ण होईपर्यंत निर्णय पुढे ढकलावा अशी मागणी करा. ग्रामसभेचा ठराव याच शब्दांत घ्या आणि त्याला गाव नकाशा जोडा. चारही अभ्यासांनंतर बोडी ताटलीची निघाली, सारसाचा चालण्याचा मार्ग दुसरीकडून जात असल्याचे दिसले आणि तारा जमिनीखाली गेल्या, तर काही अटींवर खाण चालू शकते असे म्हणण्याची माझी तयारी आहे. आज मात्र कोणतेच उत्तर देण्याइतकी माहिती त्या कागदांत नाही.

दरम्यान गावाने वाट पाहत बसू नये. सागाची सरळ फळी घ्या, तिच्यावर ऑइल पेंटने सेंटिमीटरच्या खुणा करा आणि ती बोडीत, पाळीवरून सहज वाचता येईल अशा जागी पक्की रोवा. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी वाचन घ्या, म्हणजे दिवस विसरला जात नाही. त्याच वेळी दोन विहिरींची खोली दोरीने मोजा आणि तिन्ही आकडे एका वहीत लिहा. दर वेळी फळीचा एक फोटो, मागे पाळीवरचे एकच ठरलेले झाड येईल असा, काढून ठेवा. पुढच्या पोळ्यापर्यंत अशी पन्नासच्या आसपास वाचने जमतील, आणि ती वही पाठवलीत तर बोडी कोणत्या प्रकारची आहे ते मी आलेख काढून कळवीन.